कंट्रोल डिशमध्येच दोन-दोन ॲक्सॉन: चेतापेशींची ध्रुवता पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा कुठे बघायचं

तक्रार साधारण अशी असते. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) चेतापेशी डिशमध्ये लावल्या, जीएसके-३ या एन्झाइमला दाबणारं औषध, म्हणजे त्याचं इनहिबिटर घातलं, अपेक्षेप्रमाणे एकेका पेशीला तीन-तीन ॲक्सॉन फुटले. (एरवी पेशीला संदेश बाहेर नेणारा ॲक्सॉन एकच असतो, बाकीच्या फांद्या संदेश घेणारे डेंड्राइट; हा भेद म्हणजेच ध्रुवता.) सगळे खूश. मग नुसतं डीएमएसओ (इनहिबिटर विरघळवायचं द्रावक) घातलेली कंट्रोल डिश मायक्रोस्कोपखाली धरली, तर तिथेही दर चार-पाच पेशींमागे एकीला दोन ॲक्सॉन. इनहिबिटरची कुपी बदलली, डीएमएसओची नवी बाटली फोडली. पुढची दोन कल्चर्स बरी गेली आणि तिसऱ्याला पुन्हा येरे माझ्या मागल्या.

याचंच जुळं भावंड म्हणजे ॲक्सॉन न येणं. दोन दिवस उलटले तरी पेशी चार आखूड फांद्या पसरून तशाच बसलेल्या. आणि तिसरी तक्रार: बीडीएनएफ (चेतापेशींचा एक वाढ-घटक) घातलं, महागातलं घातलं, आणि डिशमध्ये काडीचा फरक पडला नाही. या तिन्ही तक्रारी मी स्वतः केलेल्या आहेत. पहिलीने तर माझं जवळजवळ वर्ष खाल्लं, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

आधी घड्याळ. कार्लोस डॉटी, सुलिव्हन आणि गॅरी बँकर यांनी १९८८ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींचे पाच टप्पे मांडले, ते आजही तसेच वापरतात. पेशी काचेवर बसल्यावर पहिले काही तास तिच्याभोवती नुसती पातळ झालर असते, हा पहिला टप्पा. अर्ध्या दिवसात चार-पाच आखूड न्यूराइट (अजून ओळख न ठरलेल्या फांद्या) येतात, सगळे जवळपास सारख्या लांबीचे, हा दुसरा. दीड दिवसाच्या आसपास त्यांतला एक अचानक पुढे निघतो आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. तो पुढे गेलेला ॲक्सॉन, आणि हा तिसरा टप्पा. डेंड्राइट खऱ्या अर्थाने वाढायला चौथा दिवस उजाडतो. पाचव्या टप्प्यात सायनॅप्स वगैरे, त्याला आठवडा आणि पुढे. तुमची तक्रार कुठल्या टप्प्यावरची आहे हे ठरवल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्या टप्प्यात अडकलेली पेशी आणि तिसऱ्यात गोंधळलेली पेशी यांची कारणं वेगळी असतात.

आता दुसऱ्या टप्प्याकडे नीट बघा. चार न्यूराइट, सगळे सारखे, आणि यांतला कुठलाही ॲक्सॉन होऊ शकतो. तसं नसतं तर १९८७ चा तो कापाकापीचा प्रयोग जमलाच नसता. डॉटी आणि बँकर यांनी तिसऱ्या टप्प्यातल्या पेशीचा ॲक्सॉन कापला. उरलेलं खोड बाकीच्या न्यूराइटपेक्षा बऱ्यापैकी लांब राहिलं तर तेच पुन्हा ॲक्सॉन म्हणून वाढलं. खोड आखूड, बाकीच्यांच्या बरोबरीचं राहिलं, तर शर्यत नव्याने सुरू झाली आणि कित्येकदा भलताच न्यूराइट जिंकला. निकाल लांबीच्या फरकावर लागला, आणि तो फरकही सुमारे १० मायक्रोमीटरचा, म्हणजे पेशीच्या अंगाच्या रुंदीहूनही कमी.

संकेत प्रथिनं नेमका हा फरक मोठा करत नेतात. एका टोकाला पीआय३-कायनेज (कायनेज म्हणजे दुसऱ्या रेणूंवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जास्त जागं झालं की तिथल्या पटलात पीआयपी३ हा स्निग्ध रेणू साठतो. त्याने एकेटी हा दुसरा कायनेज कामाला लागतो, एकेटी जीएसके-३बीटाला (जीएसके-३ चा एक प्रकार) गप्प करतो. जीएसके-३बीटा गप्प असला की सीआरएमपी-२ या प्रथिनावर फॉस्फेट बसत नाही, आणि फॉस्फेट नसलेला सीआरएमपी-२ ट्युब्युलिनला धरून त्याच्या सूक्ष्मनलिका (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या) लांबवतो. त्याच टोकाला पार-३, पार-६ आणि एपीकेसी या प्रथिनांचं त्रिकूट जमतं आणि रॅक, सीडीसी४२ या आणखी दोन प्रथिनांमार्फत ॲक्टिनचं (सांगाड्यातलं दुसरं प्रथिन) जाळं ढिलं ठेवतं. ढिलं ॲक्टिन, पुढे सरकणाऱ्या सूक्ष्मनलिका, म्हणून आणखी वाढ, म्हणून त्या टोकाला आणखी संकेत. इकडे ॲक्सॉनच्या टोकाकडून पेशीच्या अंगाकडे कॅल्शियमच्या लहरी येतात आणि तिथे रो-कायनेजला जागं करून उरलेल्या न्यूराइटना दाबून धरतात. म्हणजे एकाला पुढे ढकलायचं आणि बाकीच्यांच्या पायात पाय घालायचा, असं दुहेरी काम चालू असतं.

म्हणून डिशभर इनहिबिटर ओतता तेव्हा संकेत कमी किंवा जास्त होतो खरा, पण तो सगळ्या न्यूराइटमध्ये एकदम होतो. पीआय३-कायनेज सगळीकडे दाबलं, फरक गेला, ॲक्सॉन नाही. जीएसके-३ सगळीकडे दाबला, फरक पुन्हा गेला, पण यावेळी सगळ्यांनाच हिरवा कंदील. कंट्रोल डिशमध्ये दोन ॲक्सॉन दिसत असतील तर विचारायचं एवढंच: या पेशींमधला फरक कोण पुसतंय? आणि त्याच्याही आधी: फरक खरंच पुसला गेलाय, की तो तुम्हाला दिसत नाहीये?

आधी मोजणीवर संशय घ्या

माझं वर्ष इथे गेलं. स्टॉक बदलून झाले, काचा बदलून झाल्या, शेजारच्या प्रयोगशाळेतून मीडियम मागून आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. शेवटी एका कंटाळवाण्या दुपारी मी एकाच दोन-ॲक्सॉनवाल्या पेशीवर फोकस वरखाली करत बसले. एक ॲक्सॉन पेशीच्या अंगातून निघत होता, त्याचं बूड जाड होतं आणि पुढे निमुळतं होत गेलं होतं. दुसरा मात्र बुडाशीही तेवढाच बारीक होता जेवढा मध्यावर. फोकस अर्धा मायक्रोमीटर वर नेला तर तो पेशीच्या अंगावरून सरळ पलीकडे निघून गेला. शेजारणीचा ॲक्सॉन होता तो, वाटेत हिच्या डोक्यावरून गेलेला.

त्यानंतर पेशी लावण्याआधीच थोड्या पेशींत इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं प्लाझ्मिड (डीएनएचं वर्तुळ) घातलं, इतकं थोडं की शेकड्यांमध्ये एखादीच चमकावी. चमकणाऱ्या पेशींमध्ये कंट्रोल डिशमधले दोन-ॲक्सॉनवाले जवळजवळ नाहीसे झाले. त्याच काचेवर टाऊ-१ (ॲक्सॉन ओळखायला वापरतात ते प्रतिपिंड) ने रंगवून मोजलं तर ते पुन्हा हजर.

गुन्हेगार घनता होती. आमच्याकडे दर कल्चरला मिळणाऱ्या पेशींची संख्या वरखाली व्हायची. जास्त मिळाल्या की कोणीतरी "वाया कशाला घालवायच्या" म्हणून जास्त घालायचं. समस्या अधूनमधून यायची ती याचमुळे. ध्रुवतेच्या मोजणीसाठी पेशी विरळ हव्यात, चौरस सेंटिमीटरला काही हजार. इतक्या विरळ पेशी एकट्या तग धरत नाहीत, त्यांना खाली किंवा वर ग्लियाचा (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा) थर लागतो, आणि बँकर यांच्या पद्धतीत काचेला मेणाचे पाय लावून ती ग्लियावर उलटी ठेवतात ती याचसाठी. ते झंझट नको म्हणून लोक घनता वाढवतात आणि मग मोजणीत मार खातात. घनता वाढवायचीच असेल तर मोजणी विरळ जीएफपीवर करा, टाऊ-१ वर नको.

मोजणीतल्या आणखी दोन चुका झटपट सांगते. पहिली: ॲक्सॉन बुडापासून पाच मायक्रोमीटरवर दुभागला तर तो एकच ॲक्सॉन आहे, फांदी फुटलेला. घाईत तो दोन म्हणून मोजला जातो. दुसरी: ३६ तासांवर फिक्स केलेल्या (रसायनाने आहे तशा थिजवलेल्या) डिशमध्ये काही पेशींची शर्यत अजून चालूच असते, दोन न्यूराइट गळ्यात गळा घालून पुढे गेलेले असतात आणि त्यांतला एक थोड्या वेळात मागे येणार असतो. त्या पेशीला दोन ॲक्सॉनवाली म्हणणं म्हणजे शर्यत अर्ध्यात थांबवून दोन विजेते जाहीर करणं. ७२ तासांवरची एक जोडकाच ठेवा. ७२ ला हा आकडा खाली आला तर तुमची पेशी बिघडलेली नाही, उशिरा निघालेली आहे.

टाऊ-१ ची गोम

ही गोष्ट अनुभवी माणसांच्याही हातून निसटते, आणि जीएसके-३ वर काम करणाऱ्यांच्या तर हमखास. टाऊ-१ नावाचं प्रतिपिंड टाऊ प्रथिनाला सरसकट ओळखत नाही. टाऊच्या साखळीत १९५ ते २०२ या क्रमांकांच्या पट्ट्यातल्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट नसेल तरच ते बसतं. टाऊ तर पेशीच्या अंगात आणि डेंड्राइटमध्येही असतो, फक्त तिथे त्या जागी फॉस्फेट असतं म्हणून टाऊ-१ ला तो दिसत नाही. फिक्स केलेल्या पेशींना फॉस्फटेज लावलं की टाऊ-१ चा रंग तिथेही उगवतो.

आता या सेरीनवर फॉस्फेट लावणारं एक मुख्य कायनेज कोणतं? जीएसके-३. म्हणजे जीएसके-३ चं इनहिबिटर घातलं की पेशीची ध्रुवता तसूभर न बदलताही टाऊ-१ चा रंग सगळीकडे पसरू शकतो, आणि रंगावर विसंबून तुम्ही "अनेक ॲक्सॉन" लिहून मोकळे होता. मोजमापच प्रयोगातल्या औषधाने हलतंय.

उपाय सोपे आहेत. फॉस्फेटवर अवलंबून नसलेलं टाऊचं प्रतिपिंड शेजारी लावा. लांबी स्वतंत्रपणे मोजा. आणि पाच-सात दिवसांपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर अँकिरिन-जी हे प्रथिन बघा: ॲक्सॉनच्या बुडाशी, पहिल्या काही दशक मायक्रोमीटरमध्ये, त्याचा ठसठशीत पट्टा असतो. तो पट्टा दोन न्यूराइटवर असेल तर मी दोन ॲक्सॉन मानते. मॅप-२ (डेंड्राइटची खूण मानलं जाणारं प्रथिन) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फारसा कामाचा नाही. सुरुवातीला तो सगळ्याच न्यूराइटमध्ये, अगदी कोवळ्या ॲक्सॉनमध्येही सापडतो आणि डेंड्राइटपुरता मर्यादित व्हायला दिवस घेतो. दोन दिवसांच्या डिशमध्ये "ॲक्सॉनमध्ये मॅप-२ आहे, म्हणजे ध्रुवता गेली" असा निष्कर्ष काढून एक अख्खा सादरीकरणाचा तक्ता बनवलेला मी पाहिलाय. नाव सांगत नाही, कारण त्यातली एक मी होते.

मोजणी निर्दोष आणि तरी दोन

मग खरंच काहीतरी फरक पुसतंय. माझ्या मते संशयितांचा क्रम असा: सूक्ष्मनलिका स्थिर करणारं काही, मग ॲक्टिन विस्कटणारं काही, मग सगळ्यात शेवटी संकेत प्रथिनं.

कारण साधं आहे. सूक्ष्मनलिका स्थिर करणाऱ्या टॅक्सॉलसारख्या औषधाची नॅनोमोलरमधली मात्रा एका पेशीला अनेक ॲक्सॉन आणायला पुरते, हे फ्रँक ब्राड्के यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. त्याआधी १९९९ मध्ये ब्राड्के आणि डॉटी यांनी सायटोकॅलेसिन-डी ने ॲक्टिन विस्कटून तोच परिणाम मिळवला होता. एवढ्या कमी मात्रेत काम करणारी द्रव्यं त्याच हुडमध्ये (निर्जंतुक कपाटात), त्याच पिपेटने, दुसरं कोणी वापरत असेल तर? आमच्या मजल्यावर कर्करोगाच्या पेशींवर टॅक्सॉलचे प्रयोग चालत आणि वॉटर बाथ सामाईक होता. त्यातून काही आलं की नाही हे सिद्ध झालं नाही, पण चेतापेशींसाठी पिपेट, टिप आणि मीडियमची बाटली वेगळी काढली ती कायमची. डीएमएसओही ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि कंट्रोलला इनहिबिटरइतकंच डीएमएसओ द्या, अंदाजे नव्हे.

प्लाझ्मिड घालत असाल तर अतिरेकी अभिव्यक्ती तपासा. नुसता सीआरएमपी-२ जास्त झाला तरी अनेक ॲक्सॉन येतात, हे २००१ पासून माहीत आहे. उलट पीटेन (पीआयपी३ मोडणारं एन्झाइम) कमी झाला तरी तेच. "आम्ही फक्त ते प्रथिन कुठे जातं हे बघायला जीएफपी जोडून घातलं" म्हणताना ते प्रथिन पेशीचा निकालच फिरवत असतं. फिकट चमकणाऱ्या पेशी निवडा. झगझगीत चमकणारी पेशी फोटोत छान दिसते आणि मोजणीत फसवते.

ॲक्सॉन येतच नाही

इथे संकेत प्रथिनांपेक्षा काचच जास्त वेळा दोषी असते. पॉलिलायसिन (पेशी चिकटाव्यात म्हणून काचेला द्यायचा थर) नीट बसलं नाही तर पेशी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात. नीट धुतलं नाही तर सुटं राहिलेलं पॉलिलायसिन पेशींना विषासारखं असतं, आणि जगलेल्या पेशी दुसऱ्या टप्प्यात रखडतात. काचा नायट्रिक आम्लात रात्रभर, मग भरपूर पाण्याने, मग पॉलिलायसिन बोरेट बफरमध्ये पीएच ८.५ ला, मग पुन्हा पाणी, तीनदा, घाई न करता. एल ऐवजी डी रूप घेतलं तर पेशींची प्रोटिएज ते खाऊ शकत नाहीत. मी डीच वापरते.

कोटिंग ठिकठिकाणी असमान असेल तर अजून एक गंमत होते. १९९९ मध्ये बँकर यांच्याच गटाने पॉलिलायसिन आणि लॅमिनिन (पेशींभोवतीच्या जाळ्यातलं एक प्रथिन) यांचे पट्टे शेजारी शेजारी काढले. ज्या न्यूराइटने आधी सीमारेषा ओलांडून दुसऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला तोच बहुधा ॲक्सॉन झाला. म्हणजे तुमच्या काचेवर लॅमिनिनचे डाग असतील तर ॲक्सॉनची निवड पेशीने नाही, डागांनी केलेली असेल. एका कोपऱ्यात सगळे ॲक्सॉन एकाच दिशेला वळलेले दिसले तर सिग्नलिंगच्या गप्पा बंद करून कोटिंग बघा.

बाकी कारणं भराभर. पेशी सुट्या करायचं ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं की पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टरही झडतात आणि ते परत यायला वेळ लागतो. तुकडे फोडताना पिपेटमधून फेस आला तर मेलेल्या पेशींचा डीएनए जिवंत पेशींना गुंडाळतो. बी-२७ (मीडियममध्ये घालायचं पोषक मिश्रण) पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलेलं असेल तर फेका. आणि भ्रूणाचं वय. रॅटचा १८ वा दिवस म्हणजे माउसचा १६-१७ वा. आकडा तोच ठेवून प्राणी बदलला तर पेशी जास्त वयाच्या मिळतात आणि जास्त वयाच्या पेशी वेगळ्या करताना जास्त मरतात.

वाढ-घटक घातला, काहीच झालं नाही

यात सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण मीडियममध्येच असतं. बी-२७ मध्ये इन्सुलिन आहे, दर मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम. इतक्या मात्रेत ते आयजीएफ-१ या दुसऱ्या वाढ-घटकाच्या रिसेप्टरलाही जागं करतं. आणि त्या रिसेप्टरखाली कोण? तेच पीआय३-कायनेज. म्हणजे बीडीएनएफ ज्या दारावर टकटक करायला निघालाय ते दार इन्सुलिनने आधीच सताड उघडून ठेवलंय. वर आणखी बीडीएनएफ ओतून काय दिसणार? इन्सुलिनविरहित बी-२७ मिळतं. पेशी आधी नेहमीच्या मीडियममध्ये बसू द्या, मग काही तास इन्सुलिनविरहित मीडियममध्ये ठेवा आणि मग बीडीएनएफ द्या. एकेटीच्या फॉस्फेटचा वेस्टर्न (प्रथिन ओळखायची ब्लॉट चाचणी) केला की फरक पहिल्याच खेपेला डोळ्यांनी दिसतो.

दुसरं, बीडीएनएफ चिकट आहे. विरळ केलेला, शिवाय धनभारित, साध्या प्लास्टिकच्या नळीत ठेवला तर बराचसा भिंतीलाच राहतो. सोबत ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला आणि विरळ केलेला स्टॉक फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवू नका. तिसरं, रिसेप्टर आहे का ते बघा. एनजीएफ या वाढ-घटकावर रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं म्हणून तो प्रत्येक चेतापेशीला चालेल असं नाही. हिप्पोकॅम्पसच्या पिरॅमिडल पेशींचा भर ट्रक-बी या बीडीएनएफच्या रिसेप्टरवर आहे, ट्रक-ए वर नाही, आणि एनजीएफला ट्रक-ए लागतो.

आणि चौथं, ज्याला मी खरं कारण म्हणेन. बीडीएनएफ डिशभर घालून ध्रुवता बदलेल ही अपेक्षाच मुळात चुकीची असते. तो चारही न्यूराइटना सारखाच भेटतो. मू-मिंग पू यांच्या गटाने २००७ मध्ये बीडीएनएफ काचेवर पट्ट्यांत लावला, तेव्हा पट्ट्याला टेकलेला न्यूराइट ॲक्सॉन व्हायला लागला, कारण तिथे पीकेए या कायनेजने एलकेबी१ या प्रथिनावर सेरीन-४३१ ला फॉस्फेट बसवला. २०१० मध्ये त्याच गटाने पुढची गोष्ट दाखवली: एका न्यूराइटमध्ये सीएएमपी (पेशीतला निरोप्या रेणू, पीकेएला जागं करणारा) वाढला की बाकीच्या न्यूराइटमध्ये तो आपोआप कमी होतो. हे सगळं ओतलेल्या बीडीएनएफमध्ये कधीच दिसलं नसतं. पट्टे काढायची सोय नसेल तर बीडीएनएफ लावलेले मणी विरळ टाकून बघा, मण्याला टेकलेला न्यूराइट आणि न टेकलेला न्यूराइट एकाच पेशीत मोजा. पेशीच स्वतःची कंट्रोल होते.

इनहिबिटरच्या मात्रेबद्दल

जीएसके-३ थोडा दाबला तर अनेक ॲक्सॉन, खूप दाबला तर ॲक्सॉनची वाढच खुंटते. २००६ च्या कामांतून हे पुढे आलं. म्हणून एकाच मात्रेवरून "आमच्याकडे उलटं येतंय" म्हणू नका, निदान चार मात्रा लावा. त्याच वर्षी अजून एक गैरसोयीची गोष्ट समोर आली: एकेटी जिथे फॉस्फेट लावतो ते जीएसके-३ चे सेरीन बदललेल्या माउसच्या पेशींची ध्रुवता व्यवस्थित होती. म्हणजे मी वर जी एकेटी ते जीएसके-३ अशी सरळ साखळी लिहिली, ती शिकवायला सोयीची असली तरी पेशीकडे पर्यायी वाटा आहेत. वेस्टर्नमध्ये सेरीन-९ चा फॉस्फेट हलला नाही म्हणून प्रयोग फसला असं लगेच ठरवू नका.

जीएसके-३ दाबायला लिथियम क्लोराइड वापरणाऱ्यांसाठी खास. २० मिलिमोलर घातलं की सुमारे ४० मिलिऑस्मोल वाढले. न्यूरोबेसल या मीडियमची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मुळात कमी असते, त्यात हा धक्का मोठा आहे. कंट्रोलला तेवढंच सोडियम क्लोराइड द्या. पोटॅशियम क्लोराइड देऊ नका, त्याने पेशी विध्रुवित होतात आणि नवंच प्रकरण उभं राहतं.

पीआय३-कायनेजसाठी एलवाय२९४००२ घेत असाल तर तो एमटॉर आणि सीके२ या दुसऱ्या कायनेजनाही दाबतो हे लक्षात असू द्या. वॉर्टमॅनिन हा दुसरा इनहिबिटर जास्त नेमका, पण मीडियममध्ये काही मिनिटांतच निष्प्रभ होऊ लागतो. रात्री घातला आणि सकाळी बघितला तर पेशींनी बहुतेक रात्र त्याच्याशिवायच काढलेली असते. आणि कधी घातलं ते वहीत लिहा. पेशी लावताना, २४ तासांवर, आणि पाचव्या दिवशी घातलेलं जीएसके-३ चं इनहिबिटर हे तीन वेगळे प्रयोग आहेत. ध्रुवता ठरून गेल्यावरही ते डेंड्राइटला ॲक्सॉनकडे वळवू शकतं, त्यामुळे "उशिरा घातलं, आता काय होणार" हे गृहीत धरून सोडलेली डिशसुद्धा कंट्रोल म्हणून चालत नाही.

दिशा उलटली तर

हे थोडं बाजूचं आहे, पण वारंवार विचारलं जातं. नेट्रिन या प्रथिनाकडे वळायला हवा तो वाढ-शंकू (ॲक्सॉनचं वाढतं टोक) नेट्रिनपासून दूर पळतोय. (नेट्रिन हे नाव संस्कृत 'नेतृ' वरून ठेवलंय, वाट दाखवणारा या अर्थाने. प्रथिनांच्या नावांत आपल्याला आपोआप कळणारं बहुधा हे एकच.) कारण बऱ्याचदा लॅमिनिन असतं. बेडकाच्या दृष्टिपटलाच्या पेशींवर १९९९ मध्ये दिसलं की लॅमिनिनवर बसलेल्या वाढ-शंकूत सीएएमपी कमी होतो आणि त्याला नेट्रिन आकर्षक वाटण्याऐवजी नकोसा वाटतो. म्हणजे नेट्रिनची नवी खेप वाईट नाही, तुम्ही मधल्या काळात कोटिंग बदललंत. पेशीत सीएएमपी वाढवून बघा, दिशा परत फिरली तर निदान पक्कं.

फिक्सेशन

सगळं बघून झालं आणि तरीही ॲक्सॉन आखूड, टोकं गोळा झालेली, वाढ-शंकूच्या जागी नुसते गोळे, तर फॉर्माल्डिहाइडच्या बाटलीला हात लावून बघा. थंडगार लागली? मग तेच. वाढ-शंकू गारठ्याने काही क्षणांत आकसतो आणि तुम्ही आकसलेला फिक्स करता. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, त्यात ४ टक्के साखर, ३७ अंशांवर गरम केलेलं. आणि मीडियम पूर्ण ओढून मग फिक्स घालू नका. हवेचा थर पेशींवरून गेला की सगळ्यात बारीक ॲक्सॉन आधी तुटतात. अर्धं मीडियम काढा, तेवढंच गरम फिक्स हळूच कडेने सोडा, दोन मिनिटांनी उरलेलं बदला. आमच्या कल्चरमधले शेवटचे काही "ॲक्सॉन नसलेले" नमुने एवढ्यानेच परत आले. ते कधी गेलेच नव्हते, आम्हीच ते धुऊन टाकत होतो.